बाई, ह्याला येसण न्हाई

पहिलीच्या वर्गात वर्णमालेचा छापील तक्ता टांगलेला होता. 2006 चा जून, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. 'अ'शेजारच्या चित्रावर पट्टी टेकवून मी विचारलं, "हे काय?" पुढच्या रांगेतला पोरगा लगेच म्हणाला, "कणीस."

"नीट बघ."

त्यानं पुढं येऊन नीट बघितलं. "कणीसच हाय बाई. दाणं भरल्यात की."

ते अननसाचं चित्र होतं. सांगोला तालुक्यातली ती वाडी. ज्वारी, बाजरी, थोडी डाळिंबं आणि मेंढरं. अननस माझ्या वर्गातल्या बावीस पोरांपैकी एकानंही पाहिला नव्हता. अंगभर दाण्यांसारखं काही दाटीनं बसलेली गोष्ट त्यांच्या रानात एकच होती. मग अक्षर कोणतं, असं विचारल्यावर तो 'क' म्हणाला. कणसाचा क. त्याचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं, आणि मी मात्र त्याला 'चूक' म्हणणार होते. त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पोरांच्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तूंची वर्णमाला करायची, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. क कणसाचा, घ घोंगड्याचा, त तिफणीचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा, ए एडक्याचा. बारा स्वर आणि छत्तीस व्यंजनं मिळून अठ्ठेचाळीस. त्यातून ङ, ञ आणि अः काढले, कारण त्यांना चित्रच सापडेना. उरली पंचेचाळीस.

चित्रकला मला परकी नव्हती. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. पहिली चार-पाच चित्रं कागदावर पेन्सिलीनं काढलीसुद्धा. पण पोरं चुका दाखवायची, मी खोडायचे, परत काढायचे, आणि तिसऱ्या खोडण्याला कागदाचं पापुद्रं निघायचं. शिवाय पेन्सिलीची झेरॉक्स इतकी फिकट यायची की मागच्या ओळीतल्या पोराला काही दिसू नये.

शाळेत एक कॉम्प्युटर होता, कुणीतरी देणगी दिलेला. पंधरा इंची पेटीसारखा मॉनिटर, विंडोज एक्सपी, फ्लॉपीचा कप्पा. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही. त्याच्यावर रंग-रेषांचं म्हणावं असं एकच काही होतं, ते म्हणजे पेंट. एमएस-सीआयटी करताना आम्ही ते उघडलं होतं, एक घर, एक सूर्य काढला होता आणि पुढं वर्डकडे गेलो होतो. आता मी रोज शाळा सुटल्यावर तासभर त्याच्यासमोर बसायला लागले.

पहिले आठ दिवस माउसनंच खाल्ले. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळा असायचा. आमच्याकडची धूळ त्या गोळ्याबरोबर आत जाऊन बारक्या रुळांना चिकटायची, आणि सरळ चाललेली रेघ मध्येच अडखळून टप्प्याटप्प्यानं सरकायची. मला वाटायचं माझा हात थरथरतोय. एकदा गोळा काढून आत बघितलं तर रुळांवर काळ्या मळाची कडी झालेली. नखानं खरवडली, कापसानं पुसली, आणि रेघ सुधारली. त्यानंतर दर सोमवारी सकाळी हे काम पोरंच करायची. कुणी गोळा काढायचा यावर त्यांच्यात भांडणं व्हायची.

पहिलं पुरं केलेलं चित्र बैलाचं. ब बैलाचा. रंग भरून, हिरवं रान, निळं आभाळ, सगळं केलं. फ्लॉपीवर घातलं आणि तालुक्याला प्रिंट काढायला गेले. दोन धक्के बसले. एक म्हणजे बैल दोन कागदांवर आला. तोंड आणि पुढचे पाय एका पानावर, उरलेला दुसऱ्या. चित्र 800 बाय 600 ठिपक्यांचं होतं आणि ते एफोरच्या उभ्या कागदात रुंदीला मावत नव्हतं. पान आडवं केल्यावर मावलं. दुसरा धक्का झेरॉक्स काढल्यावर बसला. हिरवं रान काळं झालं, आभाळ काळपट झालं, आणि मधे बैलाच्या आकाराचं पांढरं भोक. रंगीत प्रिंट पंचेचाळीस चित्रांची, प्रत्येकी सहा-सात प्रती काढणं मला परवडणारं नव्हतं. म्हणजे चित्र झेरॉक्ससाठीच काढायला हवं होतं. काळ्या रेषेचं.

परतल्यावर पेंटच्या मेन्यूंमध्ये एकेक करत सगळं उघडून बघितलं. चित्राची मापं ठरवायची जी चौकट आहे, तिथं खाली 'ब्लॅक अँड व्हाइट' असा पर्याय दिसला. तो निवडला मात्र, खालची अठ्ठावीस रंगांची पट्टी बदलली. रंगांच्या जागी नक्षी आली! काही घरांत विरळ ठिपके, काहींत दाट, काहींत जाळी. म्हणजे करड्या रंगाऐवजी काळे-पांढरे ठिपके कमी-जास्त मिसळून उजेड-सावली करायची. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघितला तर असाच दिसतो. आणि ठिपके झेरॉक्सला बरोबर येतात, कारण त्यात करडं काही नसतंच. मी त्या संध्याकाळी घरी खूप उशिरा गेले.

त्याचा आणखी एक फायदा नंतर कळला. रंगीत चित्राची फाइल जवळजवळ फ्लॉपीभर व्हायची, कारण 800 गुणिले 600 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे 14 लाख 40 हजार बाइट. एका फ्लॉपीवर एकच बैल. काळ्या-पांढऱ्यात एका बाइटमध्ये आठ ठिपके बसतात, म्हणून तेच चित्र साठ हजार बाइटचं झालं. एका फ्लॉपीवर चोवीस चित्रं मावली. अख्खी वर्णमाला दोन फ्लॉप्यांवर.

बैल नव्यानं काढायला घेतला. आमच्याकडचा बैल म्हणजे खिलार. पांढरा, अंगानं तट्ट, लांब शिंगांचा. मी पेन्सिलीच्या टूलनं शिंगं काढली होती ती सरळ वर गेलेली, चंद्रकोरीसारखी. दुपारच्या सुट्टीत पोरं पडद्याभोवती जमली. पहिलीचीच नाही, तिसरी-चौथीचीही.

"बाई, ह्यो खिलार न्हाई."

"का रे?"

"शिंग मागं जातंय आन् मग वर येतंय." त्यानं दोन्ही हात कपाळाला लावून करून दाखवलं.

पेंटमध्ये वक्ररेषेचं एक टूल आहे. नुसती हातानं ओढायची रेघ ती नव्हे. आधी दोन टोकं ठरवून सरळ रेघ ओढायची. मग त्या रेघेला एका जागी धरून ओढलं की ती वाकते. मग दुसऱ्या जागी धरून ओढलं की दुसऱ्यांदा वाकते. तिसऱ्यांदा नाही. दोनदा वाकवली की रेघ पक्की झाली. मी या टूलला आधी फार वैतागले होते, कारण रेघ कुठं जाईल याचा अंदाजच यायचा नाही. आता त्या पोराच्या हातांकडे बघत कपाळापासून टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. बुडाजवळ धरून मागं खेचली. टोकाजवळ धरून वर खेचली. पडद्यावर खिलारचं शिंग उभं राहिलं! दोन वाक, एक मागं आणि एक वर. त्या टूलमध्ये जेवढं होतं तेवढंच शिंगाला लागत होतं. पोरं ओरडली, आणि मीसुद्धा.

शिंगाची दुसरी कड तशीच ओढायला मात्र सतरा वेळा तरी परत फिरावं लागलं. एक्सपीच्या पेंटमध्ये मागं जायची सोय फक्त तीन पावलांची होती. तीन चुका सुधारता येतात, चौथी कायमची. म्हणून मी एक सवय लावून घेतली, ती आजही आहे. जोखमीचं काही करायच्या आधी चित्र वेगळ्या नावानं ठेवायचं. बैल1, बैल2, बैल3. त्या बैलाच्या अकरा फायली झाल्या होत्या.

लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, ही गोष्ट तेव्हाच्या पेंटमध्ये नव्हती. जे काढलं ते खालच्यात मिसळून गेलं. बैलाच्या मागं झाड हवं असेल तर झाड आधी काढायला हवं, नाहीतर नंतर फांद्या बैलाच्या पाठीवरून जाणार. त्यामुळं मी चित्र सुरू करायच्या आधी कागदावर क्रम लिहून घ्यायला लागले: लांबचं पहिल्यांदा, जवळचं शेवटी. घराचं सारवण करताना आपण आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येतो तसं.

आणि ती बादली. बंद आकारात रंग ओतायचं टूल. वशिंडावर विरळ ठिपक्यांची सावली भरायला गेले आणि एका क्षणात सगळं पान ठिपक्यांनी भरून गेलं. बाहेरच्या रेघेत कुठंतरी एका ठिपक्याएवढी फट होती. डोळ्याला दिसत नाही, पण बादलीतलं पाणी तिथून बाहेर पडतं. फट शोधायची तर चित्र आठ पट मोठं करायचं आणि जाळी लावायची. मग पडदा आलेखाच्या कागदासारखा दिसतो, एकेक ठिपका म्हणजे एकेक चौकोन. कडेकडेनं सरकत जायचं, बांधावरून चालताना पाणी कुठं फुटलंय ते बघतात तसं. आमच्या एका पोरीला हे फार छान जमायचं. मला शोधूनही सापडली नाही अशी फट ती बोट ठेवून दाखवायची, "हितनं गळतंय."

बैल झाला. मी खुशीत होते. तेव्हा मेंढपाळाचा एक पोरगा, वर्गात सहसा न बोलणारा, मागून म्हणाला, "बाई, ह्याला येसण न्हाई."

खरंच नव्हती.

"येसण न्हाई म्हंजी ह्यो कामाचा न्हाई. ह्याला धरनार कसं?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं. माउस त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता. बैलाचं तोंड आठ पट मोठं केलं, जाळी लावली, पेन्सिल निवडून दिली आणि सांगितलं की एकदा टिचकी मारली की एक चौकोन काळा होतो, उजव्या बटणानं मारली की पांढरा. बास, एवढंच. तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग नाकपुडीपासून सुरुवात केली. दोन काळे, एक पांढरा, एक घर वर सरकून परत दोन काळे, एक पांढरा. मी विचारलं, मधे पांढरा कशाला सोडतोस? तो म्हणाला, "पीळ हाय त्याला." दोरीचा पीळ. गालावरून तिरकी वर नेत त्यानं ती शिंगांच्या मागं नेऊन संपवली, कारण वेसण तिथंच बांधतात. चित्र परत लहान केलं. काळी-पांढरी, पिळाची दोरी बैलाच्या तोंडावर होती. मी काढली असती तर एक जाड काळी रेघ ओढून मोकळी झाले असते.

'ण'ला मी तोपर्यंत तक्त्यातल्यासारखा 'बाण' ठरवला होता. तो बदलला. ण वेसणीचा. बैलाचं नुसतं तोंड कापून घेतलं, मोठं केलं, आणि त्या पोराकडून वेसण परत एकदा, मोठ्या मापानं काढून घेतली. पोरं 'येसण' म्हणतात आणि कार्डावर 'वेसण' लिहिलंय, यावरून पुढं वर्गात बोलणंही झालं, पण शेवटचा ण दोन्हीकडे तोच होता.

बाकीची चित्रं अशीच होत गेली. प्रत्येकाची हकीकत सांगत नाही. काही अगदी सोपी होती: ष षटकोनाचा, तो तर बहुभुजाच्या टूलनं दोन मिनिटांत झाला. जात्याला दोन लंबगोल, एक खुंटा. विळ्याला दाते काढल्यावर चौथीतली पोरगी म्हणाली, हा गवताचा नव्हे, भाजीचा वाटतोय. मग दाते बारीक केले.

कणीस मात्र मी मनापासून काढलं, कारण सगळं त्याच्यावरून सुरू झालं होतं. ज्वारीचा एक दाणा आठ पट मोठा करून काढला. गोल, खाली टोक, वर एक पांढरा ठिपका उजेडाचा. तो निवडून, कंट्रोल दाबून ओढला की त्याची प्रत निघते. पारदर्शक निवड चालू ठेवायची, नाहीतर दाण्याभोवतीचा पांढरा चौकोन शेजारच्या दाण्याला खाऊन टाकतो. पहिल्यांदा सगळे दाणे ओळीनं, सारख्या अंतरावर बसवले, तर ते कणीस न दिसता विटांची भिंत दिसायला लागली. मग खऱ्या कणसाचं एक ताट वर्गात आणून ठेवलं. दाणे झुपक्यानं असतात, काही पुढं, काही मागं दबलेले. मागचे आधी, पुढचे नंतर, असे दीडशेच्या आसपास दाणे बसवले. दोन संध्याकाळी गेल्या.

शिफ्ट दाबून ओढलं तर निवडलेला तुकडा सरकताना आपल्या मागं माळ सोडत जातो. हे चुकून सापडलं. बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मी तशीच केली. एक घुंगरू काढलं आणि गळ्याच्या वळणानं ओढत नेलं. घोंगड्यासाठी आख्खा आकार काळा भरून वर पांढऱ्या रंगाचा फवारा मारला. हलका, एकाच जागी न थांबता. काळ्या लोकरीचा खरखरीतपणा त्यानं जसा आला तसा महागड्या ब्रशनंही आला नसता, असं मला अजून वाटतं. एडक्याचं नाक पोरांनी मला तीनदा बदलायला लावलं. आमच्याकडं माडग्याळ जातीची मेंढरं पुष्कळ, त्यांचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. माझा एडका आधी कुत्र्यासारखा दिसत होता, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

तिफण काढायला तर मी रानात जाऊन बसले. रब्बीची पेरणी चालली होती. तीन फण म्हणून तिफण, हे माहीत होतं. पण चाड्याला, म्हणजे बी सोडायच्या वाटीला, तीन भोकं असतात, त्यातून तीन नळे तीन फणांपर्यंत जातात आणि पेरणारी बाई मुठीतून दाणे सोडताना तिन्हीकडं सारखे पडतील अशी बोटं हलवते, हे मी पहिल्यांदा जवळून बघितलं. वहीत रेघोट्या मारून आणल्या. पडद्यावर नळे तिरके यायला हवे होते, आणि पेंटमध्ये आकार फक्त काटकोनातच फिरवता येतो. म्हणून प्रत्येक नळा दोन तिरक्या रेघांनी काढला. शिफ्ट दाबून धरलं की रेघ नेमकी उभी, आडवी किंवा पंचेचाळीस अंशांत जाते, पण मधला नळा सोडला तर माझ्या नळ्यांचा कोन यातला कुठलाच नव्हता, म्हणून तिथं हातावरच भरवसा ठेवावा लागला.

दिवाळीच्या अलीकडं एक दिवस असा आला की मी सगळं सोडून देणार होते. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक असायचं, पण त्या दिवशी ती वेळेच्या आधी गेली. दीड तास बसून ऐरण, भाता आणि लोहाराचा हात काढला होता, एकदाही सेव्ह केलं नव्हतं. पडदा मधे एक पांढरा ठिपका उरवून विझला. मी अंधाऱ्या खोलीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी नुसती ऐरण काढली. भाता आणि हात परत जमलेच नाहीत. ऐरणीचं ते कार्ड मला कायम अर्धं वाटत आलंय.

अक्षरं मात्र मी टाइप केली नाहीत. प्रत्येक चित्राशेजारी जागा मोकळी ठेवली आणि झेरॉक्स काढल्यावर जाड स्केचपेननं हातानं अक्षर लिहिलं, कारण पोरांना अक्षराचं वळण हाताचं दिसायला हवं होतं. वह्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, पालकांपैकी दोघी-तिघींनी खळ करून दिली, आणि जानेवारीत पंचेचाळीस कार्डांचे सहा संच तयार झाले. कणसाचं कार्ड मी त्या पहिल्या पोराच्या हातात दिलं. तोपर्यंत त्याला अक्षरं यायला लागली होती. त्यानं चित्राकडं बघितलं, अक्षराकडं बघितलं आणि 'क' म्हणाला. मग कार्डावरचे दाणे मोजायला बसला.

त्यानंतर माझ्या दोन बदल्या झाल्या. कॉम्प्युटर बदलले. विंडोज 7 मध्ये पेंटचं रूपडं पालटलं आणि मागं जायची पावलं तीनाची पन्नास झाली. पेंटविषयी वाचत गेले तसं कळलं की 1985 साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर तो आला तेव्हा तो काळा-पांढराच होता. मला हे वाचून फार बरं वाटलं. 2017 च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं पेंटवर यापुढं काम होणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मी घाबरून जुन्या कॉम्प्युटरवर त्याची फाइल शोधून जपून ठेवली होती. जगभरातल्या लोकांनी हळहळ केली, आणि कंपनीनं पेंट मोफत मिळत राहील असं सांगितलं. 2023 मध्ये विंडोज 11 च्या पेंटला लेयरसुद्धा आले. मी ते वापरते. पण अजूनही कागदावर क्रम लिहून घेते, लांबचं पहिल्यांदा.

मधल्या काळात कार्डांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स होत गेल्या. ठिपके एकमेकांना चिकटून काळे डाग झाले, वेसणीचा पीळ बुजला. मूळ फायली फ्लॉपीवरून वेळेत उतरवून घेतल्या होत्या, म्हणून वाचल्या. गेल्या जूनमध्ये नव्या प्रती काढल्या आणि आताच्या पहिलीत घेऊन गेले. बैल ओळखला, घोंगडं ओळखलं, एडका तर लगेच. तिफणीचं कार्ड वर धरलं आणि वर्ग गप्प झाला.

"काय आहे हे?"

एक पोरगी म्हणाली, "शिडी?"

दुसरा म्हणाला, "मॅडम, बाजेचं पाय."

त्यांच्या रानात ट्रॅक्टरनं पेरतात. तिफण त्यांनी बघितलेली नाही. कार्ड मी गठ्ठ्याच्या तळाला ठेवलं. शाळा सुटल्यावर पेंट उघडलं, 800 बाय 600 चं कोरं पान घेतलं, आणि ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला नळ्या किती असतात हे आपल्याला नक्की माहीत नाही असं लक्षात आलं. वही घेतली आणि वस्तीवरच्या ज्या घरापुढं ते यंत्र उभं असतं तिकडं चालायला लागले. मघाची पोरगी वाट दाखवायला पुढं होती.